दुसरी पकड

सोमवार, ३ नोव्हेंबर

आलो एकदाचे. ट्रकवाल्यानं वाटेतला एकही खड्डा चुकवला नाही. काचेच्या तीन बरण्या फुटल्या, माझी कंबर धरली. पण घर पाहिलं आणि सगळं विसरलो. पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, आणि त्याच्या दारातून थेट खाडीत शिरणारी फळ्यांची वाट. लाकडी खांबांवर ठोकलेल्या फळ्या, एका माणसापुरत्या रुंद. खारफुटीच्या गर्दीत शंभरेक पावलं आत जातात आणि संपतात. खाली काळा चिखल, आणि चिखलातून वर आलेली झाडांची श्वासमुळं, कुणी पेन्सिली खोचून ठेवाव्यात तशी.

ही, म्हणजे माझी बायको, आल्या आल्या खिडक्या उघडून बसली. तेहतीस वर्षांत एवढा उजेड एका घरात पाहिला नाही म्हणाली. आम्ही दोघंच. मूलबाळ नाही, त्यामुळे उजेड कुणी अडवत नव्हतं, घरंच अंधारी मिळाली.

ही वही हिनंच दिली. माझा रक्तदाब वर गेल्यावर डॉक्टर म्हणाले होते की राग गिळू नका आणि लोकांवर काढूही नका. मग काढायचा कुठे? ही म्हणाली, वहीत काढा, वही उलटून बोलत नाही. लोक मला तापट म्हणतात. मी तापट नाही, लोक गाढव आहेत.

कामाचं लिहून ठेवतो. तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी बेडूक मोजले, गोगलगायी मोजल्या, रात्रंदिवस सूक्ष्मदर्शकात डोळे घातले, आणि छापून आलेल्या प्रत्येक अहवालावर नाव प्राध्यापकांचं. मी म्हणजे 'आमचा सहाय्यक'. इथं मात्र कागदावर लिहून घेतलंय: खाडीतल्या खेकड्यांची मोजणी मी करायची, अहवालावर नाव माझं. हे काम देणारे साहेब शहरात बसतात. चिखल त्यांनी फोटोतच पाहिला असणार. उंटावरून शेळ्या हाकतात, म्हणून मी त्यांचं नाव उंट ठेवलंय.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आज होडीतून सगळी खाडी हिंडलो. मन भरून आलं, हे कबूल करतो. ओहोटीला चिखल उघडा पडला की त्यावर हजारो बारके खेकडे बाहेर येतात, एक नांगी अंगाएवढी आणि दुसरी चिमटीएवढी. ती मोठी नांगी सारखी वरखाली हलवत असतात. चिखलात उड्या मारणारे मासे पाहिले, परांवर चालतात आणि फांदीवर चढून बसतात. तीन जातींचे खंड्या, पाणमांजरांची एक जोडी, कोल्ह्याच्या पावलांचे ठसे. बगळे तर किती. एका झाडावर मी त्रेचाळीस मोजले.

मोजले म्हणजे मोजू पाहिले. मी मोठ्यानं आकडे म्हणायला लागलो की होडीवाला वल्हं होडीच्या कडेवर आपटायचा. एकदा आपटलं, मला वाटलं हात निसटला. तिसऱ्यांदा आपटल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी विचारलं, हा काय प्रकार. तो वल्हवत राहिला. हा माणूस माझ्याच वयाचा, सुकलेला, बोलणं मोजून मापून, आणि होडीतून कधी उतरत नाही. परवा सामान उतरवतानाही आम्ही दोघं म्हातारे खोकी ओढतोय आणि हा होडीत बसून मान हलवतोय. आज त्याच्या जाळ्यात मासे आले, ते त्यानं न बघता टोपलीत टाकले. किती मिळाले म्हणून विचारलं तर म्हणे घरी गेल्यावर सांगतो. टोपली समोर आहे, मासे समोर आहेत, आणि सांगणार घरी गेल्यावर. आळसालाही काही मर्यादा असावी.

हिला घरी येऊन सगळं सांगितलं. ही म्हणाली, बिचारा अबोल असेल. अबोल नाही, मठ्ठ आहे.

शनिवार, ८ नोव्हेंबर

पहिली पकड झाली. रंगाचा किस्सा आधी लिहितो, नाहीतर मला झोप यायची नाही. खेकड्यांच्या पाठीवर आकडे घालायला उंटानं पाठवलेल्या डब्यात रंग नव्हता, दगड होता. वाळून खडखडीत. डब्यावरची तारीख सात वर्षांपूर्वीची. धक्क्यावरच्या कचेरीतून फोन करायला अर्धा तास चालत गेलो, तर साहेब म्हणतात तुमच्या पातळीवर बघा. माझी पातळी आज गुडघाभर चिखलात होती.

शेवटी हिनंच सोडवलं. पुतणीनं दिलेली लाल नेलपॉलिशची बाटली हिच्या पेटीत न उघडता पडली होती. या वयात कुणाला दाखवायला लावू, असं म्हणून ठेवून दिलेली. ती दिली.

हे मोजणं कसं चालतं ते हिला बटणांच्या डब्यावरून समजावलं. डब्यात बटणं किती, हे सगळी न मोजता सांगायचं. मूठभर काढायची, प्रत्येकावर खूण करायची, परत टाकायची, डबा हलवायचा. काही दिवसांनी पुन्हा मूठभर काढायची. ही झाली दुसरी पकड. तिच्यात खुणेची किती आणि बिनखुणेची किती, त्यावरून एकूण संख्या निघते. म्हणजे पहिल्यांदा पकडायचं ते सोडून देण्यासाठीच. दुसऱ्यांदा पकडलेलं मात्र सोडत नाही. बादलीत ठेवायचं, सगळी मोजणी पुरी झाली की स्पिरिटात घालून शहरात पाठवायचं. ही म्हणाली, मग पहिल्यांदा सोडलं म्हणून त्यांनी आनंद कशाला मानायचा. हिचं असं असतं.

फळ्यांच्या वाटेवर दहा पिंजरे दोरीनं चिखलात सोडले होते. तळहाताएवढ्या पाठीचे साठ खेकडे आले. मी आकडे घालत गेलो, १ ते ६०, ही वहीत टिपत गेली. दोघांची जोडी छान जमली. माझ्या सहाच्या आकड्याला शेपूट लांब असतं, कॉलेजात त्यावरून माझी थट्टा व्हायची. हिनं आज तीच केली.

होडीवाला होडीत पाठ करून बसला होता. शेवटचा खेकडा सोडला तेव्हा वळला आणि पहिल्यांदाच सरळ वाक्य बोलला.

"मोजायचं तर घरी नेऊन मोजा. इथं मोजून इथंच सोडू नका. ती बघत असते."

ती म्हणजे कोण, असं विचारलं तर चिखलाकडे हनुवटी केली. मी त्याला सांगितलं की तीस वर्षं मी हे काम करतोय आणि मला कुणी होडीवाल्यानं शिकवायची गरज नाही. तो निघून गेला. बरं झालं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज हिच्यावर ओरडलो. वहीत लिहायचं ठरलं होतं, पण राहवलं नाही.

दोरीवरचा टॉवेल वाऱ्यानं चिखलात पडला. मी आत आकडेमोड करत होतो. मला हाक मारायची सोडून ही स्वतः फळीवरून उतरली. गमबूट नाही, काठी नाही, पायात घरातल्या चपला. हाक आली तेव्हा ही गुडघ्यापर्यंत रुतलेली. मी फळीवर उकिडवा बसलो, काखेत हात घातले आणि ओढायला लागलो. हलेचना. आणि मग एकदम, आपण दार ढकलत असताना आतून कुणी कडी काढावी, तशी सुटली. मी मागे पडलो, ही माझ्या अंगावर.

चपला गेल्या. टॉवेल गेला. ही हसत होती. मी ओरडलो, बरंच ओरडलो. मग चहा झाल्यावर ही सांगायला लागली की खाली कुणीतरी घोटे धरले होते. घट्ट नाही. शिंपी माप घेतो तसे. मग टाचेला गुदगुल्या झाल्या आणि सोडून दिलं. मी म्हटलं, मुळं असतील, खेकडे असतील. ही म्हणाली असतील.

संध्याकाळी हिनं गरम पाण्याच्या बादलीत पाय घातले. उजव्या टाचेवर लाल डाग दिसला. रक्त असेल म्हणून मी वाकून पाहिलं.

६१. लाल नेलपॉलिशचा रंग. सहाला लांब शेपूट.

मी म्हटलं, ही काय चेष्टा. ही म्हणाली, तेच मी तुम्हाला विचारणार होते, झोपेत माझ्या पायावर चित्रं काढता का. आधी दोघंही हसलो. मग मी स्पिरिटनं पुसलं. पुसलं जात नाही. नखानं खरवडलं. रंग कातडीवर नाही. कातडीच्या आत आहे.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

माझ्या कामाची कुणीतरी वाट लावतंय. आज सकाळी धाकट्या ओहोळावर एक बगळा उभा होता. दुर्बीण लावली. डाव्या पायावर, गुडघ्याच्या खाली, लाल ६२.

मी बगळ्यांना हात लावलेला नाही. पकडायला माझ्याकडे जाळं नाही. दुपारी पाणमांजर काठावर आलं, मासा खात बसलं. पोट वर केलं तेव्हा मागच्या पंजावर ६७. आकडा माझाच. माझं अक्षर मी ओळखणार नाही का?

संशय होडीवाल्यावर. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, याला तर नाचायचंच नाही, अंगणही उखडायचं आहे. मोजणी बिघडली की मी जाईन, हा त्याचा हिशोब असणार. बाटली हिच्या पेटीत कुलपात आहे, हे खरं. पण बाजारात लाल बाटल्या काय कमी आहेत.

हिचा पाय बरा आहे. दुखत नाही, सूज नाही. फक्त म्हणते की टाच सारखी गार असते. रात्री दोन मोजे घालून झोपते. मी चोळून दिली. खरंच गार आहे, आणि ओलसर.

सोमवार, १७ नोव्हेंबर

होडीवाल्याची गचांडी धरायला गेलो होतो. फळीवरून होडीत उडी मारली, होडी हेलकावली, आणि त्याच्या चेहऱ्यावर जी भीती दिसली ती पाहून माझा हात आपोआप खाली आला. मला तो भीत नव्हता. होडी कलंडायला भीत होता.

मी सगळं बोललो. बगळा, पाणमांजर, शेवटी हिची टाच. टाच म्हटल्यावर त्यानं वल्हं खाली ठेवलं. मग बसल्या जागी उजवा पाय उचलून मांडीवर घेतला. तळव्यावर, टाचेपाशी, काळपट झालेल्या चार उभ्या रेघा आणि त्यांवर एक तिरपी. पाचाची खूण. कातडीच्या आत.

त्यानं जे सांगितलं ते इथं टिपतो. अडतीस वर्षांपूर्वी एक बाई पाहणीला आली होती. ती शिंपले मोजायची. शिंपल्यावर सुरीनं रेघा ओढायची आणि चिखलात सोडायची. तेव्हा हा बावीसचा, याचा धाकटा भाऊ एकोणीसचा. त्याच आठवड्यात दोघं भाऊ कंबरेपर्यंत रुतले आणि दोघंही सुटले. दोघांच्या टाचेवर रेघा. भावाला गंमत वाटली होती. बारा दिवसांनी त्या बाईनं दुसऱ्यांदा जाळी उचलली. हा घराच्या छपरावर कौलं बसवत होता. भाऊ काठावर होडी धूत होता, एक पाय पाण्यात. पाणी पोटरीएवढंही नव्हतं. हाक मारायला त्याला वेळ मिळाला नाही. बाईही त्याच दिवशी गेली. तीही एकदा रुतली होती. तेव्हापासून यानं चिखलात पाऊल ठेवलेलं नाही. मग हे गाव सोडलं का नाही, असं मी रागानं विचारलं. तो म्हणाला, कुठे जाऊ, भाऊ इथंच आहे.

"कुणी शिकवल्याशिवाय ती काही करत नाही," तो म्हणाला. "तेव्हा त्या बाईनं शिकवलं. आता तुम्ही."

मी दुसरी पकड केली नाही तर? तर तीही करणार नाही, असं त्याला वाटतं. ठाऊक नाही, वाटतं. मला त्या माणसाचा राग आला. आधी सांगायला काय झालं होतं? सांगितलं होतं की. मीच म्हटलं होतं मला शिकवू नकोस.

बुधवार, १९ नोव्हेंबर

ठरलं. दुसरी पकड होणार नाही. शनिवारी सामानाचा ट्रक येतो, त्यातून आम्ही जाणार. तोवर हिनं फळीवर यायचं नाही, कपडे पुढच्या अंगणात वाळवायचे.

हिला कारण सांगितलं नाही. का नाही? ही घाबरेल, रात्री जागी राहील, हे झालं एक. खरं कारण लिहायला हरकत नाही, वही उलटून बोलत नाही. हिच्या टाचेवरचा आकडा माझ्या हातचा आहे. हिला हे तोंडानं सांगायची माझी हिंमत नाही. म्हणून नेहमीचा आव आणला. म्हटलं, उंटाची नोकरी गेली खड्ड्यात, रंग देता येत नाही आणि म्हणे अहवाल द्या, राजीनामा तोंडावर फेकतो. अहवालावर नाव यायचं होतं ना तुमचं, एवढंच हिनं विचारलं. मी म्हटलं, नाव घेऊन काय चाटायचंय.

चेहरा पडला होता हिचा. माझ्यापेक्षा हिलाच त्या नावाची जास्त हौस.

आज आणखी सात बगळे आकड्यांचे. सातव्यावर ९०.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सकाळी सव्वाआठ. कचेरीत जाऊन फोनवर राजीनामा सांगतो. लेखी नंतर. हिनं स्वतःहून माझी छत्री काढून दिली, उन्हाचं जपून जा म्हणाली, घाई करू नका म्हणाली. आज फार गोड बोलत होती.

साडेअकरा.

लिहायला हवं. जे घडतंय ते घडताना लिहायचं, तीस वर्षं हेच केलं.

उंट जागेवर यायलाच दहा वाजले. मग त्याच्याशी पाऊण तास भांडलो. दोन मिनिटांचं काम. नको म्हणायचं आणि ठेवून द्यायचं. पण त्यानं 'तुमच्यासारखे सहाय्यक' असं म्हटलं आणि मी सुरू झालो. तीस वर्षांचं सगळं काढलं. बरं वाटत होतं. हे लिहून ठेवतो, की मला बरं वाटत होतं.

परत आलो. खाडीत आवाज नाही. एक बगळा नाही. त्या झाडावर त्रेचाळीस होते, एक नाही. फांद्या नुसत्या.

घरात ही नाही.

मागचं दार उघडं. फळीवर बादली, बादलीत खेकडे. काही लाल आकड्यांचे. शेजारी मोजणीचा कागद, दगडाखाली. हिचं अक्षर.

पिंजरा १ — खुणेचे ३, बिनखुणेचे ५. पिंजरा २ — खुणेचा १, बिनखुणेचे ६. असं सहाव्यापर्यंत. रकाने सरळ, बेरजा बरोबर. सातव्यासमोर आकडा घातलाय आणि पुढे काही नाही.

कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात:

"तुमचा राग उतरेल तेव्हा उशीर झालेला असेल, नेहमीसारखा. म्हणून काल संध्याकाळीच पिंजऱ्यांत आमिष घालून ते खाली सोडले. चिखलात उतरले नाही, फळीवरूनच केलं. सही तुम्ही करा. नाव यायला हवं."

हिनं हे कॉलेजातही केलं होतं. तीनदा. मी राजीनामा फेकायचो, ही मागच्या दारानं जाऊन प्राचार्यांच्या टेबलावरून उचलून आणायची. मला ते कित्येक वर्षांनी कळायचं. मी तेव्हाही ओरडायचो.

सांगितलं असतं तर. एक वाक्य. टाचेवर जे आहे ते माझ्यामुळे आहे, फळीवर जाऊ नकोस. एवढं एक वाक्य सांगायचं सोडून मी उंटाला पाऊण तास —

सातव्या पिंजऱ्याची दोरी ताणलेली आहे. फळीच्या कडेवर हिच्या चार बोटांचे ओरखडे. एक पाय खाली सुटला असेल. दोरी ओढताना.

पावणेबारा

उतरलो. गमबूट काढून फेकले. हाका मारल्या. शिव्या दिल्या, तोंडात येतील त्या सगळ्या. छातीपर्यंत गेलो. धरलं मला. घोटे, मग गुडघे, मग कंबर. शिंपी माप घेतो तसे, हिनं अगदी बरोबर सांगितलं होतं. मी म्हटलं, घे.

सोडलं.

मला सोडलं. वर ढकललं, फळीवर आणून टाकलं. उजव्या टाचेवर ११३.

पहिल्यांदा सोडतात. मीच शिकवलंय.

बारा

होडीवाला आला. होडी फळीपासून लांब धरून दोर फेकला, घरात चला म्हणाला. त्याचे पाय होडीच्या आडव्या फळीवर, पोटाशी घेतलेले. तो रडत होता. मी दगड मारला. लागला नाही. जा म्हटलं त्याला. रस्त्यापलीकडे जा, कोरड्यात जा, आज उतरू नकोस. गेला.

बारा वाजून दहा

विचार करायला हवा. रागानं नको.

दुसऱ्या पकडीतले खेकडे मी लगेच मारत नाही. बादलीत ठेवतो. सगळे पिंजरे वर येईपर्यंत, बेरीज लागेपर्यंत. तोवर ते जिवंत असतात.

ती माझंच करते. माझ्यासारखंच.

म्हणजे मोजणी पुरी नाही तोवर ही बादलीत आहे.

सात, आठ, नऊ, दहा पिंजरे अजून खाली. मी ते उचलणार नाही. कागद फाडला. तुकडे खिशात. बादलीतले खेकडे ओतले, सगळे, जा म्हटलं. पुरी होऊ देणार नाही. भरती तासाभरात फळीवर येईल. मग काय होतं ते मी शिकवलेलं नाही.

साडेबारा

फळीवर पालथा पडलोय. डावा हात सातव्याच्या दोरीवरून खाली, खांद्यापर्यंत. उजव्या हातानं लिहितोय. मला खूण आहे. आता धरलं तर सोडायचं नाही, हे मला पक्कं माहीत आहे. धर. धर की. भित्रे, चोरटे, दुसऱ्याचं शिकून दुसऱ्याच्या बायका —

मुळं. खेकडा. दुसरं मूळ.

पाणी फळीच्या खाली आलं.

बारा चाळीस

बोटं.

बोटं आहेत. नख आहे. अंगठी — हिची, मला ठाऊक आहे, करंगळीशेजारी, घट्ट झालेली. गरम आहे हात. गरम. जिवंत.

धरला.

ओढतोय. माझा दंडही खालून कुणीतरी धरलाय. मनगट, कोपर. घट्ट. माप नाही घेत आता.

हरकत नाही. हिचा हात सुटला नाही म्हणजे —

ही ढकलतेय. माझी बोटं एकेक करून सोडवतेय, करंगळीपासून. मला वर ढकलतेय. जा म्हणतेय. खालूनसुद्धा हिचं तेच, माझं मीच बिघडवायचं आणि हिनं मागच्या दारानं —

नाही ऐकणार. अगं, आज नाही ऐकणार मी तुझं, कितीही ढकल, मी सांगायचं राहिलंय ते सांगतो, त्या दिवशी तुझ्या टाचेवर जे